एका पायाची बैठक



बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल करून "सर, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. बरी आहे. पण न लिहिण्याचं कारण तब्येतीशीच निगडित आहे आणि ते आज सांगून टाकणार आहे. पुण्यातली आणि न्यू जर्सीतली आमच्या घरची मंडळीही हे पान वाचतात. त्यांना ही गोष्ट इथंच पहिल्यांदा कळेल. रागावू नये. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितोय.

गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची. लातूरला लेकीकडे जायला म्हणून नांदेडच्या बसस्टँडवर उभा होतो. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास फुकट, ही सोय २०२२ साली झाली आणि ती लागू झाल्यापासून मी लातूरच्या फेऱ्या वाढवल्या, असा आमच्या घरी आरोप आहे. (आरोप खरा आहे.) गाडी लागली. उजव्या हातात पिशवी होती, म्हणून डाव्या हातानं दांडा धरला आणि डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. अंग वर उचलायला गेलो, तर काहीच झालं नाही. दुखलं नाही, लचकलं नाही, कळ आली नाही. वर्गात प्रश्न विचारल्यावर एखादा पोरगा नुसता आपल्या तोंडाकडं बघत राहतो ना, तसा तो पाय पायरीवर नुसता उभा राहिला. मी मागं आलो आणि मागच्या एका कॉलेजच्या पोरावर रेललो. "सावकाश, आजोबा," म्हणत त्यानं मला अक्षरशः उचलून आत ठेवलं.

लातूर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होतो, पण काही दिसत नव्हतं. कारण मंडळी, त्याच दिवशी सकाळी मी चाळीस बैठका मारल्या होत्या.

बैठका मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून मारतो. कंधार तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण तालीम होती. हौद्यात लाल माती, कोपऱ्यात दगडी नाल, भिंतीवर मारुती. वस्ताद अंगानं बारीक होते, पण त्यांचा आवाज मोठा. कुस्तीत मी फार काही केलं नाही. माळेगावच्या यात्रेत एकदा नारळावरची कुस्ती जिंकलो आणि दुसऱ्या वर्षी पाठ लागली, एवढाच माझा इतिहास. पण तो काळच तसा होता. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. (तेव्हा ते गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडलं.) मी त्या वेळी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात बी.ए. करत होतो. वसतिगृहातला जो तो सकाळी उठून जोर-बैठका मारायला लागला होता. बहुतेकांचा उत्साह आठ दिवस टिकला. माझा टिकला, एवढाच काय तो फरक.

पुढं शिक्षक झालो, लातूरला नोकरी लागली आणि बैठक माझ्या धंद्यातच आली. आठवतंय ना? कान धरून उठाबशा! गृहपाठ नाही, वीस उठाबशा. उशीर झाला, दहा. वर्गाबाहेर एका पायावर उभं करणं ही त्याच्या वरची पायरी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना शारीरिक शिक्षा द्यायला बंदी घातली, पण मी त्याच्या दोन वर्षं आधीच निवृत्त झालो होतो. त्यामुळं माझ्या हातून या शिक्षा भरपूर दिल्या गेल्या, हे कबूल करायला हवं. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी हसावं, आणि जमलं तर माफ करावं.

असो. तर पायाची गोष्ट.

२०२१ च्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरलो आणि डाव्या घोट्याजवळचं हाड मोडलं, हे सगळ्यांना माहीत आहे. सहा आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं, लंगडणं थांबलं, दोन महिन्यांनी बैठका सुरू केल्या. आधी दहा, मग वीस, मग चाळीस. मी स्वतःवर खूश. पुण्याच्या चिरंजीवांना फोनवर आकडा सांगायचो. मात्र काही गोष्टी सांगत नव्हतो. पायजमा घालताना भिंतीला हात लावावा लागतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणावे लागतात. गुरुद्वाऱ्यात लंगरला पंगतीत बसलो की उठताना शेजारच्याच्या खांद्याची मदत घ्यावी लागते. वय झालं, असं म्हणून मी ते सोडून देत होतो. बसस्टँडवर मात्र कळलं की वय दोन्ही पायांचं सारखंच आहे आणि रुसलाय फक्त एक.

लातूरहून परत आल्यावर कुणाला न सांगता इथल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांनी टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. डावी अडीच सेंटिमीटरनं बारीक. मी म्हटलं, "पण मी रोज चाळीस बैठका मारतो हो." त्या हसल्या नाहीत. आतून दोन वजनकाटे घेऊन आल्या, शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "सर, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवा आणि तुमची नेहमीची बैठक मारा. अर्ध्यात थांबा."

माझं वजन ६२ किलो. उजव्या काट्यावर ३९ आणि डाव्यावर २३.

म्हणजे चार वर्षं मी रोज सकाळी चाळीस बैठका मारत नव्हतो. माझा उजवा पाय मारत होता आणि डावा त्याच्याबरोबर नुसता खाली-वर जात होता. बरं, मला ते कधी जाणवलंही नव्हतं. पुढून आरशात बघितलं तरी बैठक सरळच दिसायची.

काट्यावर उभा असतानाच वस्ताद आठवले. बैठकांच्या वेळी ते समोर उकिडवे बसायचे आणि आमच्या पायांकडं न बघता डोक्याकडं बघायचे. डोकं सरळ रेषेत वर आलं तर ठीक, एका अंगाला कललं की काठी. म्हणायचे, "एक बैल वढतोय आन् दुसरा नुसता संगं चालतोय. जू तिरकं झालं की मला दिसतंय." शेतकऱ्याच्या पोरांना ते लगेच कळायचं. बैलजोडीतला कोण कामचुकार आहे ते ओळखायचं असेल, तर दोघांना सोडवून एकेकट्याला जुंपून बघतात. मला हे साठ वर्षांपूर्वी सांगितलेलं होतं आणि मी ते बैलांपुरतंच ठेवलं.

बाईंनी तेच केलं. खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घ्यायला लावले आणि म्हणाल्या, "आता एकाच पायावर उठा." उजव्यावर डगमगत का होईना, उठलो. डाव्यावर मंडळी, खुर्चीतून इंचभरही वर झालो नाही.

मग पुढच्या खेपेला लातूरला गेलो तो हा प्रयोग घेऊनच. आमचा नातू तिथं कॉलेजात आहे, वय वीस, जिमला जातो. खांद्यावर बारबेल घेऊन मारायच्या बैठकांना तो 'स्क्वॉट' म्हणतो आणि शंभर किलोच्या मारतो. व्हिडिओ दाखवला. पाठीवर आडवी दांडी, दोन्ही बाजूंना चकत्या, खाली जाऊन वर येताना मांड्या थरथरतात. बघूनच मला घाम फुटला. आमच्या बैठकीत आणि या बैठकीत मोठा फरक आहे. आमच्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, हात झुलतात, वजन आपलं स्वतःचंच, आणि संख्या हाच पराक्रम. गामा पहिलवान रोज पाच हजार मारायचे असं सांगतात. बारबेलच्या बैठकीत टाच जमिनीला चिकटलेली, कंबर मागं, वजन दर महिन्याला वाढतं आणि एका दमात पाच-सात झाल्या तरी पुरे. नातवानं मला त्याचा इतिहासही सांगितला. पहिल्या महायुद्धानंतर हेन्री स्टाइनबॉर्न नावाचा जर्मन पहिलवान अमेरिकेत आला. तेव्हा दांडी ठेवायला आजच्यासारखे स्टँड नव्हते. तो काय करायचा, तर चकत्या लावलेली दांडी जमिनीवर उभी करायचा, तिच्या खाली वाकायचा, ती पाठीवर आडवी पाडून घ्यायचा आणि बैठका मारून परत तशीच खाली ठेवायचा. आमच्या वस्तादांनी हे बघितलं असतं तर नक्की पागोटं उडवलं असतं.

मी म्हटलं, "बाळा, शंभर किलो राहू दे. नुसता एका पायावर खाली बसून उठून दाखव."

"त्यात काय, आजोबा!" म्हणून त्यानं एक पाय पुढं सरळ धरला आणि खाली निघाला. अर्ध्यात गेला, गुडघा आत वळला, टाच उचलली आणि धप्पकन फरशीवर. त्याची आई स्वयंपाकघरातून धावत आली. आजीनं हसून घेतलं. पोरगा मात्र गंभीर झाला. दुसऱ्या पायानंही बघितलं. तोही तसाच!

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो, कारण गणित जमेना. त्याचं वजन सत्तर. अधिक बारबेल शंभर. एकशे सत्तर भागिले दोन, म्हणजे प्रत्येक पायावर साधारण पंच्याऐंशी. ते तो उचलतो. मग एका पायावर नुसते सत्तर का उचलू नयेत?

उत्तर शोधायला दोन दिवस लागले. थोडं त्यानं इंटरनेटवर वाचलं, थोडं मी आमच्या बाईंना फोन करून विचारलं. दोन पायांवर उभं असताना कमरेचं हाड टेबलासारखं दोन्ही बाजूंनी टेकलेलं असतं. एक पाय उचलला की त्या बाजूचा टेकू गेला. आता उभ्या पायाच्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला जो स्नायू आहे, त्यानं कंबर वर ओढून धरली नाही तर ती मोकळ्या बाजूला झुकते आणि उभ्या पायाचा गुडघा आत पडतो. दोन पायांच्या बैठकीत या स्नायूला असं एकट्यानं कंबर धरायचं काम पडत नाही. शिवाय घोटा भरपूर वाकावा लागतो, नाहीतर टाच उठते आणि माणूस मागं पडतो. पुढं धरलेला पाय वर ठेवायला त्याची वेगळी ताकद लागते. आणि तोल! म्हणजे नातवाच्या मांडीत ताकद होती, पण बाकीच्या खात्यांमध्ये शिल्लक नव्हती.

जिममध्ये याच्या बऱ्याच तऱ्हा आहेत. पूर्ण खाली जायची, एक पाय पुढं ताठ धरून मारायची ती 'पिस्तूल'. ती अवघड आणि आमच्या वयाच्या लोकांनी तिच्या नादी लागू नये. मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायानं मारायची ती 'बल्गेरियन'. ती मला सगळ्यात शहाणी वाटली. तोलाला मागच्या पायाचा थोडा आधार मिळतो, पण काम पुढच्यालाच करावं लागतं. आणि सगळ्यात साधी म्हणजे पायरी चढणं. एका पायानं चढायचं, त्याच पायावर सावकाश उतरायचं. कुस्ती खेळलेल्यांना हे पटकन पटेल. समोरच्यानं एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून उचलला, की आपण दुसऱ्या पायावर लंगडी घालत असतो. टांग मारतानाही एकाच पायावर उभं राहून दुसरा पाय समोरच्याच्या पायात घालायचा असतो. उभा पाय कच्चा असला की डाव आपल्याच अंगावर येतो. माळेगावला माझी पाठ कशी लागली, ते आता कळलं. :)

म्हणून बारबेल वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. नातू दोन दिवस जिमला गेला नाही, तेव्हा मीच त्याला ओरडून पाठवलं. एका पायावर तोल सांभाळता सांभाळताच दमछाक होते, तिथं वजन वाढवायला मर्यादा येते. ज्याला निव्वळ जोर वाढवायचा आहे, त्याला दांडीच बरी. २०१८ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या, ५८ वर्षांच्या पुढच्या १०१ बायका त्यात होत्या. त्यांतल्या काहींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली चक्क जड बारबेल उचलायला लावली, बैठकांसकट. त्यांच्या कण्याच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता सुधारली. हे मी आमच्या सौ.ना वाचून दाखवलं. त्यांनी हातातली भाजीची पिशवी माझ्याकडं देऊन "हे आधी उचला" असं सांगितलं.

आणि उलट बाजूचंही आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रग्बी खेळणाऱ्या अठरा तरुणांचे दोन गट केले. एका गटाला पाच आठवडे बारबेलच्या दोन पायांच्या बैठका दिल्या, दुसऱ्याला मागचा पाय उंच ठेवून एका पायाच्या. शेवटी ताकद आणि धावण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच सुधारला. एका पायाच्या बैठकीत दांडीवरचं वजन कमी पुरतं, म्हणजे पाठीच्या कण्यावरचा भारही कमी. ज्यांची पाठ कुरकुरते त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

आमच्या वयाला मात्र ताकदीपेक्षा मोठा प्रश्न पडण्याचा आहे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं. पाचातल्या एकाला ते जमलं नाही. पुढची सरासरी सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा न जमलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. २०२२ साली ते छापून आलं. आता पाय उचलता न आल्यामुळं माणूस मरतो असं नाही, आजारी माणसाचा तोलही आधीच गेलेला असतो. पण हे वाचल्यावर मी उठून भिंतीशी उभा राहिलो. उजव्यावर चौदा सेकंद. डाव्यावर तीन. वर्गाबाहेर पोरांना एका पायावर मी अर्धा-अर्धा तास उभं केलंय.

इथं मला जे खरं सांगायचंय ते येतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूरकरांना सांगायला नको. अनंत चतुर्दशीची रात्र संपत होती, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीच्या आसपासची गावं मातीत मिळाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढच्या वर्षी त्या भागातली काही मुलं नातेवाइकांकडं राहायला आली आणि आमच्या शाळेत दाखल झाली. त्यांतला एक मुलगा सहावीत. घराच्या भिंतीखाली डावा पाय सापडला होता. सोलापूरला नेऊन तो गुडघ्याखाली कापावा लागला. कुबडी घेऊन यायचा. वर्गात मुलं खाली पट्ट्यांवर बसायची. तो कुबडी भिंतीला टेकवायचा, एका पायावर सावकाश खाली जायचा आणि तास संपला की हात न लावता एका पायावर उठायचा.

मी रोज ते बघत होतो आणि मला त्यात फक्त बिचारेपण दिसत होतं.

पीटीचा तासही माझ्याकडंच होता. आकड्यांवर बैठका असायच्या. मी त्याला बाजूला लिंबाच्या झाडाखाली बसवायचो. एक दिवस बघतो तर हा झाडाला एक हात लावून, माझ्याच आकड्यांवर, एका पायानं बैठका मारतोय. मी शिट्टी थांबवली. त्याच्याजवळ गेलो, डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तू नको करूस बाळा. तुला माफ आहे." पोरं बघत होती. तो खाली बसला. त्यानंतर त्यानं कधी केल्या नाहीत. आणि मला वाटलं, आपण किती मायेनं वागलो.

पुढं त्याला जयपूर फूट मिळाला. तो पाय आपल्या लोकांसाठीच घडवलेला. उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, शेतात चालता येतं. आता तो त्रेचाळीसचा असेल, खता-बियाण्यांचं दुकान चालवतो, दर शिक्षकदिनाला न चुकता फोन करतो. या वर्षी जानेवारीत मीच त्याला फोन केला. आधी इकडचं-तिकडचं बोललो. मग म्हटलं, "अरे, एका पायावर खालून कसं उठायचं ते मला सांगतोस का?"

तो गप्प झाला. मला वाटलं लाइन गेली.

"काय झालं, सर?"

सगळं सांगितलं. एसटीची पायरी, काटे, एकोणचाळीस आणि तेवीस. घरच्यांना सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कोणता पाय, सर?"

"डावा."

"माझा बी डावाच की, सर." आणि हसला. मीही हसलो, पण मग राहवलं नाही. विचारलं, "तुला त्या झाडाखाली बसवलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय ना." थोडं थांबून म्हणाला, "सर, राग नव्हता आला. पण घरी गेल्यावर चुलतीला म्हणलो होतो, मला एकच पाय ऱ्हायलाय, त्याला दोघांचं काम करावं लागणार, आन् सर म्हणतात तू बस. रोज पन्नास-साठ डाव खाली बसून उठायचो मी. जेवायला खाली, अभ्यासाला खाली, परसाकडं गेलं तरी खालीच. तेवढा तुमचा एक तास आराम व्हायचा."

मला काही बोलता आलं नाही. मग त्यानंच शिकवायला सुरुवात केली. ते त्याच्या शब्दांत देतो, कारण आमच्या बाईंनीही नंतर तेच शास्त्रीय भाषेत सांगितलं. "सर, आधी वर यायच्या मागं लागू नका. आधी खाली जायला शिका. वर येताना दोन्ही पाय वापरा, पण खाली जाताना एकट्या डाव्यावर जा, मनात चार आकडे म्हणत. धप्पकन पडायचं नाही. खाली उशा टाका. धरायला दाराची चौकट घ्या, पण ती नुसती बोटानं धरा. पंजानं धरली की हातच उचलतो, पाय पुन्हा झोपतो." आणि शेवटी, "आकडे मी म्हणू का फोनवर?"

त्यानं खरंच म्हटले. इकडं मी दाराची चौकट धरून, फोन स्पीकरवर, आणि तिकडून माझाच विद्यार्थी माझ्याच चालीत, "एऽक... दोऽन..." सौ. बाहेरून आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांना तेव्हा कळलं. तीन महिने लपवलेलं. त्यांनी काही विचारलं नाही, पिशवी ठेवली आणि खुर्चीवर अजून एक उशी आणून ठेवली.

आता पुण्यातल्या चिरंजीवांसाठी. तुम्ही दोन वर्षं म्हणताय की नांदेडचं घर बंद करा, जिना आहे, अंगण निसरडं आहे, आमच्याकडं लिफ्ट आहे. तुमचं चूक नाही. बसस्टँडची गोष्ट तेव्हाच कळली असती तर तुम्ही आम्हाला दिवाळीतच उचलून नेलं असतं, आणि म्हणूनच मी ती सांगितली नाही. ही माझी लबाडी झाली, कबूल. अंगणातलं शेवाळ घासून काढलंय, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतलाय, न्हाणीघरात धरायला दांडा लावलाय. तेवढं ऐकलं. पण ज्या जिन्यामुळं तुम्ही आम्हाला न्यायला बघताय, तोच जिना सध्या माझी तालीम आहे. खालची पायरी, डावा पाय, सकाळी आठ वेळा आणि संध्याकाळी आठ वेळा. सातव्या मजल्यावर लिफ्टनं गेलो तर त्या पायाला पुन्हा कुणी काही विचारणार नाही. घराचं काय करायचं ते दिवाळीला तुम्ही आलात की बोलू. तोपर्यंत मला वेळ द्या.

ज्यांचे गुडघे झिजलेत, खुबा बदललाय, चक्कर येते, त्यांनी माझं वाचून दाराची चौकट धरू नये. आधी कुणाला तरी दाखवा. आणि एकटं असताना करू नका. माझ्याबरोबर आता कायम कुणीतरी असतं, बहुतेक वेळा हातात चहाचा कप घेऊन आकडे मोजायला.

प्रगतीपुस्तक असं. गेल्या रविवारी बाईंच्या काट्यांवर उजवा ३३, डावा २९. डाव्यावर एका जागी उभं राहणं नऊ सेकंद. उशी ठेवलेल्या खुर्चीतून एकट्या डाव्या पायानं उठणं तीन वेळा, चौथ्यांदा नाही. चाळीस बैठका पूर्ण बंद केल्यात. त्याऐवजी वीस मारतो, आरशासमोर, डोक्याकडं बघत. नातवाची बारबेल ऐंशीवर आलीय आणि तो मागचा पाय बाकावर ठेवून दोन्ही हातांत डंबेल घेऊन वेगळ्या बैठका मारतोय. उजवा पाय कच्चा निघाला म्हणे त्याचा.

येत्या गुरुवारी लातूरला जातोय. एसटीनंच. पिशवी उजव्या हातात घेणार आहे.